कीलाकृति लिपीच्या वाचनाचें श्रेय : रॉलिन्सन व हिंक्स

बाबिलोन व असीरिया येथील प्राचीन लेख प्रथम कोणीं वाचले, असें विचारलें असतां बहुधा एकच उत्तर मिळतें : सर हेन्री रॉलिन्सन यानें. बेहिस्तूनच्या उभ्या कड्यावर शिड्या लावून, जिवावर उदार होऊन, दरायस बादशहाचा लेख उतरून घेणारा हा लष्करी अंमलदार इतिहासप्रेमी वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. शिवाय तो कंपनी सरकारच्या मुंबई लष्करांतील असून १८२७ सालीं प्रथम हिंदुस्थानांत आला. यामुळें आमच्या इकडे त्याच्याविषयीं थोडें अधिक अगत्य असल्यास नवल नाहीं. पुढें रॉलिन्सन या कामांत असतां आयर्लंडांतील किलिले नांवाच्या लहानशा गांवीं एडवर्ड हिंक्स नांवाचा एक पाद्री तेंच काम करीत बसला होता व कांहीं बाबतींत तो रॉलिन्सनच्याहि पुढें होता, ही गोष्ट मात्र फारच थोड्यांस ठाऊक असते. या दोन पंडितांतील स्पर्धेचा तपास करून श्रेयाची वांटणी कशी करावी हें ठरविणें, आणि ती स्पर्धा ज्या कारणानें कडू झाली त्या कारणाचा विचार करणें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आमच्या शास्त्रग्रंथांची रीत अशी कीं, प्रथम पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशीं मांडावा आणि मग उत्तरपक्षाकडे वळावें. येथेंहि तीच रीत धरतों. परंतु त्यापूर्वीं मूळ वस्तूची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे.

(१) वस्तुस्थिति

खिळ्याच्या किंवा पाचरीच्या आकाराच्या खुणांनीं बनलेली ही लिपि ओल्या मातीच्या विटांवर दाबून किंवा दगडावर कोरून लिहीत. इराणांतील हखामनी राजांनीं आपले लेख बहुधा तीन भाषांत कोरविले : प्राचीन फारसी, एलामी आणि बाबिलोनी. पैकीं तिसरी भाषा हिब्रू व अरबी यांच्या कुळांतील, म्हणजे सेमिटिक आहे. पर्सिपोलिस येथील लेखांच्या विश्वासार्ह नकला कार्स्टेन नीबूर यानें १७६५ सालीं केल्या. हा नीबूर त्यापूर्वीं १७६३–६४ सालीं मुंबईंत राहून गेला होता व घारापुरीच्या लेण्यांचीं चित्रेंहि त्यानें काढलीं होतीं. त्याच्या पर्सिपोलिसच्या नकलांवरून गटिंगेन येथील ग्रोटेफेंड नांवाच्या एका तरुण शाळामास्तरानें १८०२ सालीं दरायस व झर्क्सीस या राजांचीं नांवें ओळखलीं. तेथील विद्वत्सभेनें त्याचा निबंध ऐकून घेतला, पण समग्र छापला नाहीं. तो मूळ स्वरूपांत १८९३ सालीं प्रसिद्ध झाला. श्रेयाच्या या प्रकरणाचा आरंभ असा आहे.

पुढची मजल संस्कृतज्ञांनीं मारली. १८३६ सालीं पॅरिसांत ब्यूर्नूफ व बॉन येथें लासेन यांनीं झेंद व संस्कृत यांच्या साह्यानें प्राचीन फारसीचीं बहुतेक अक्षरें लावलीं. लासेनला एक महत्त्वाची गोष्ट उमगली. देवनागरींत ज्याप्रमाणें व्यंजनांत अकार अनुस्यूत असतो, त्याप्रमाणें या लिपींतहि व्यंजनचिन्हांत तो असतो. याच वर्षीं याच लासेननें एका यवन राजाच्या नाण्यावरील ब्राह्मी अक्षरें वाचून आमच्याकडील लिपिशोधासहि हातभार लावला, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच.

(२) पूर्वपक्ष

रॉलिन्सनच्या बाजूनें बोलणाऱ्यांचें म्हणणें असें. १८३५ ते १८३७ या काळांत इराणांत नोकरीवर असतां त्यानें बेहिस्तूनचा लेख उतरण्यास आरंभ केला, आणि १८३८ च्या आरंभीं पहिल्या परिच्छेदांचें भाषांतर लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे धाडलें. मध्यंतरीं अफगाण युद्धामुळें तो कंदाहारास अडकला. पुढें बगदादेस राजकीय अंमलदार म्हणून नेमणूक झाल्यावर १८४४ सालीं त्यानें फारसी व एलामी भाग पुरे केले, व १८४७ सालीं बाबिलोनी भागाचे ओल्या कागदावरील ठसे घेतले. शेवटच्या कामांत कड्याच्या अवघड भागीं एक कुर्द मुलगा चढला, हेंहि रॉलिन्सननें स्वतःच नमूद करून ठेवलें आहे. फारसी लेख त्यानें १८४६–४७ सालीं, आणि बाबिलोनी लेख १८५१ सालीं चिन्हांच्या यादीसह छापला. बेहिस्तूनच्या लेखाइतका मोठा तिहेरी लेख दुसऱ्या कोणापाशीं नव्हता. सामग्री त्याची, साहस त्याचें, आणि पहिलें विस्तृत भाषांतरहि त्याचेंच; तेव्हां श्रेय दुसऱ्याचें कसें?

हा पक्ष दुबळा नाहीं. कड्यावर चढणारा मनुष्य नसता तर घरीं बसणाऱ्या पंडितांनीं वाचलें असतें काय? संग्राहक व नकलाकार यांच्या श्रमाची किंमत आमच्या मंडळींस सांगावयास नको. एका जुन्या दप्तरासाठीं ज्यानें पायपीट केली असेल, त्यास रॉलिन्सनविषयीं आदर वाटल्यावांचून राहणार नाहीं. परंतु या पक्षांत एक हेत्वाभास लपलेला आहे. सामग्री मिळविणें व लिपि उलगडणें हीं दोन भिन्न कार्यें आहेत. पहिलें सिद्ध झाल्यानें दुसरें आपोआप सिद्ध होत नाहीं.

(३) उत्तरपक्ष

हिंक्सचा जन्म १७९२ सालीं कॉर्क येथें झाला. त्याचा बाप हिब्रूचा अध्यापक होता, आणि स्वतः त्याचें शिक्षण डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांत झालें. १८२५ पासून १८६६ सालीं मृत्यु येईपर्यंत तो किलिले येथील चर्चचा पाद्री होता. पूर्वेकडील देशांत त्यानें कधीं पाऊल टाकलें नाहीं. त्याच्या हातीं होते ते केवळ छापील लेख : पर्सिपोलिसचे तिहेरी लेख, बोत्ता यानें खोर्साबाद येथें मिळवून प्रसिद्ध केलेले लेख, आणि लंडनच्या इंडिया हाउसमध्यें ठेवलेल्या नबुखद्नेस्सर राजाच्या शिलालेखाची प्रतिकृति. असें असतां त्यानें केलें काय, तें पाहूं.

पहिली गोष्ट प्राचीन फारसीची. त्या लिपींत 'म' या एका व्यंजनासाठीं तीन निरनिराळीं चिन्हें दिसत, 'द' साठींहि तीन. पूर्वीच्या पंडितांस याचें कारण नीट लागेना. हिंक्सनें ९ जून १८४६ रोजीं डब्लिनच्या रॉयल आयरिश ॲकेडमींत वाचलेल्या निबंधांत दाखविलें कीं, पुढें येणाऱ्या स्वरावरून हीं चिन्हें बदलतात. एक 'म', दुसरें 'मि', तिसरें 'मु'. लासेनच्या अनुस्यूत अकाराचाच हा पुढचा विस्तार होय. रॉलिन्सननेंहि हीच गोष्ट शोधिली. तिचें टिपण त्यानें बगदादेहून २५ ऑगस्ट १८४६ या तारखेनें धाडलें.

दुसरी गोष्ट अधिक मोठी, आणि ती बाबिलोनी लिपीची आहे. या लिपींत चिन्हें शेंकड्यांनीं मोजावीं लागतात. तीं निव्वळ व्यंजनें आहेत असें धरून चाललें तर एका 'र' साठींच अनेक चिन्हें मानावीं लागत, आणि लिहिणाऱ्यानें हवें तें चिन्ह हवें तेथें वापरलें असा निष्कर्ष निघे. १८५० सालीं एडिंबरो येथें भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या सभेंत हिंक्सनें सांगितलें कीं, एकाकी व्यंजनाचें चिन्ह या लिपींत नाहींच. प्रत्येक ध्वनिचिन्ह म्हणजे एक अवयव आहे : 'रा', 'रि', 'रु', किंवा 'अर', 'इर', 'उर'. ही किल्ली हातीं येतांच स्वैर वाटणाऱ्या लेखनांत नियम दिसूं लागला, आणि शब्दांचीं रूपें हिब्रू-अरबीच्या व्याकरणाशीं जुळूं लागलीं. याच सभेंत त्यानें असेंहि अनुमान मांडलें कीं, ही लिपि मूळ सेमिटिक लोकांची नसावी. सेमिटिक भाषांचा सारा व्यवहार व्यंजनांवर उभारलेला. या लिपींत तर व्यंजनांचेच कित्येक भेद नीट दाखवितां येत नाहींत. अंगरखा अंगास बसत नसेल तर तो दुसऱ्या कोणाच्या मापानें शिवलेला असला पाहिजे, असाच हा तर्क होता. रॉलिन्सनचा बेहिस्तून येथील बाबिलोनी लेख त्या वेळीं अद्याप छापलेला नव्हता, हें येथें लक्षांत ठेवावें. १८५२ सालीं हिंक्सनें आपली अवयवांची विस्तृत यादी प्रसिद्ध केली.

तिसरी गोष्ट निमरूद येथें लेयार्ड यास १८४६ सालीं सांपडलेल्या काळ्या स्तंभाची. शालमनेसर (तिसरा) या राजापुढें दंडवत घालणाऱ्या एका मांडलिकाचें नांव इस्राएलाचा राजा येहू असें आहे, हें हिंक्सला ऑगस्ट १८५१ मध्यें उमगलें व डिसेंबर १८५१ मध्यें 'अथीनियम' पत्रांत प्रसिद्ध झालें. रॉलिन्सननें तोच शोध बगदादेहून कळविला. पण तो छापून आला १८५२ सालीं.

रॉलिन्सनच्या पारड्यांत, उलटपक्षीं, एक मोठा शोध पडतो. तो असा कीं, एकाच चिन्हाचे अनेक उच्चार असूं शकतात. उदाहरणार्थ, डोंगराचें चित्र ज्याचें मूळ आहे तें एकच चिन्ह कोठें 'कुर', कोठें 'मत', कोठें 'शद' असें वाचावें लागतें. १८५१ सालीं त्यानें हें तत्त्व मांडलें, तेव्हां पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. एका अक्षराचे चार उच्चार मानणें म्हणजे वाटेल तो अर्थ काढण्याची मुभा घेणें, असा त्यांचा आक्षेप. आमच्या मोडी वाचकांस या आक्षेपाचें उत्तर सहज सुचेल. मोडींत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद दाखवीत नाहींत, तरी मुरलेला वाचक संदर्भावरून शब्द अचूक लावतोच. संदर्भानें बांधलेली मुभा ही मोकळी मुभा नव्हे.

(४) १८५७ ची परीक्षा

लोकांचा संशय फिटला तो एका विलक्षण परीक्षेनें. प्रकाशलेखनाच्या आद्य शोधकांपैकीं एक असलेला फॉक्स टॅल्बट हा या लिपीचाहि अभ्यासक होता. तिग्लथ-पिलेसर (पहिला) या राजाच्या अष्टकोनी मृत्तिकास्तंभावरील लेखाची शिलाछाप प्रत त्यास मिळाली. तिचें भाषांतर करून त्यानें तें १८५७ च्या मार्च महिन्यांत मोहोरबंद लखोट्यांत रॉयल एशियाटिक सोसायटीकडे धाडलें, आणि इतरांचीं भाषांतरें आल्यावर सर्व एकदम उघडावीं अशी सूचना केली. रॉलिन्सन, हिंक्स व त्या वेळीं लंडनांत असलेला ज्यूल ओपेर या तिघांनीं भाग घेतला. मे महिन्यांत लखोटे उघडले. डीन मिलमन, इतिहासकार ग्रोट, मिसरविद्येचा पंडित विल्किन्सन वगैरे परीक्षकांनीं ताडून पाहिलें, तों चौघांचा आशय पुष्कळ अंशीं जुळला. त्यांतहि रॉलिन्सन व हिंक्स यांचीं भाषांतरें एकमेकांस सर्वांत जवळचीं ठरलीं. हिंक्सला वेळ अपुरा मिळाल्यामुळें त्यास सर्व लेखाचें भाषांतर करतां आलें नव्हतें.

या परीक्षेचें कौतुक पुष्कळ झालें आहे. आमच्या मतें तिची किंमत थोडी बेतानें करावी. परीक्षकांपैकीं कोणी ही लिपि वाचणारा नव्हता. त्यांनीं पंचांप्रमाणें साक्षी ताडून पाहिल्या इतकेंच. शिवाय चारहि साक्षीदार एकमेकांचे छापील लेख वाचीत आलेले होते, त्यामुळें त्यांची एकवाक्यता सर्वस्वी स्वतंत्र म्हणतां येत नाहीं. मतैक्य झालें म्हणजे सत्य हातीं आलेंच, असें न्यायशास्त्र मानीत नाहीं. तरीहि एक गोष्ट सिद्ध झाली : हें वाचन केवळ कल्पनेचा खेळ असतें, तर चार मनुष्यांच्या कल्पना ओळीमागून ओळ एका वाटेनें गेल्या नसत्या. खरी सिद्धि पुढें झाली, ती निनवे येथील असुरबनिपाल राजाच्या ग्रंथसंग्रहांतील विटांवरून. प्राचीन लेखकांनींच करून ठेवलेल्या चिन्हांच्या व शब्दांच्या याद्या त्यांत होत्या, आणि एका चिन्हाचे अनेक उच्चार त्या याद्यांत स्वच्छ दिलेले होते.

येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत येते. आठ-दहा वर्षें ज्यांनीं परस्परांच्या अग्रपूजेविषयीं वाद केला, त्यांचेंच वाचन सर्वांत अधिक जुळलें. स्पर्धेनें त्यांचीं मनें दुरावलीं, पण दोघांसहि काळजीपूर्वक वाचावयास लावलें.

(५) दुसरी पिढी

हिंक्सच्या अनुमानाचें पुढें काय झालें, हेंहि पाहण्यासारखें आहे. वर सांगितलेला ओपेर हा हांबुर्गचा ज्यू. स्वदेशीं विद्यापीठाचा दरवाजा ज्यूंस बंद असल्यामुळें तो फ्रान्सांत गेला. संस्कृतचा तो जाणकार होता व त्या भाषेचें एक व्याकरणहि त्यानें लिहिलें. १८६९ सालीं त्यानें कीलाकृति लिपीच्या मूळ असेमिटिक लोकांस 'सुमेरी' हें नांव दिलें. १८७४ पासून जोसेफ हालेवी या दुसऱ्या ज्यू पंडितानें, त्याच पॅरिस शहरांतून, त्यावर हल्ला चढविला. सुमेरी भाषा म्हणून कांहीं नाहींच. तें सेमिटिक पुरोहितांचें गूढलेखन आहे, असें त्याचें मत. फ्रीड्रिख डेलिट्शसारखा गाढा पंडितहि कांहीं काळ त्याच्या बाजूस गेला व मग परतला. १८७७ पासून दक्षिण इराकांत तेल्लो येथें उत्खनन होऊन सुमेरी लेख ढिगानें मिळूं लागले, तरी हालेवी १९१७ सालीं मरेपर्यंत आपल्या मतास चिकटून राहिला.

हालेवीचा सिद्धान्त चुकला. परंतु त्याच्या विरोधामुळें प्रतिपक्षास आपलें प्रत्येक पाऊल तपासून टाकावें लागलें, आणि सुमेरी म्हणून मानलेले कित्येक शब्द मूळचे सेमिटिक आहेत हें कबूल करावें लागलें. हा वाद चालला तो प्रसिद्ध झालेल्या लेखांवर, दोघांच्याहि डोळ्यांपुढें एकच सामग्री असतां. हिंक्स-रॉलिन्सन प्रकरणांत तसें नव्हतें, आणि त्या प्रकरणाचें खरें दुखणें येथेंच आहे.

(६) सिद्धान्त

या प्रकरणाचा निवाडा करणारे ग्रंथ बहुधा एका बाजूस झुकलेले आहेत. रॉलिन्सनचें चरित्र १८९८ सालीं त्याच्या सख्ख्या भावानें लिहिलें. तें भावानेंच लिहावें तसें आहे. १९२५ सालीं ब्रिटिश म्युझियमच्या वॉलिस बज यानें असीरियाविद्येचा इतिहास लिहिला, त्यांतहि रॉलिन्सनच आद्य पुरुष. अलीकडे पारडें फिरलें. हिंक्सचा पत्रव्यवहार केविन कॅथकार्ट यांनीं २००७ ते २००९ या काळांत तीन खंडांत छापल्यापासून त्याची योग्यता सर्वांस पटली, हें इष्टच झालें. पण या नव्या उत्साहांत रॉलिन्सनवर वाङ्मयचौर्याचा आळ घेण्याकडेहि कोणाची प्रवृत्ति होते. ९ जून व २५ ऑगस्ट १८४६ या दोन तारखांत सत्त्याहत्तर दिवसांचें अंतर आहे. तेवढ्यांत डब्लिनच्या निबंधाची बातमी बगदादेस पोंचणें अशक्य नव्हतें. परंतु शक्यता म्हणजे सिद्धि नव्हे. एकच सामग्री व एकच पूर्वसूरि ज्यांच्यापुढें आहेत, असे दोन कुशल वाचक एकाच उत्तरावर आले तर त्यांत अघटित कांहीं नाहीं. येहूच्या नांवाच्या बाबतींत दोघे स्वतंत्रपणें एकाच ठिकाणीं पोंचले होतेच.

रॉलिन्सनचा दोष आमच्या मतें वेगळा आहे. बाबिलोनी भागाचे ठसे त्याच्या हातीं १८४७ सालीं आले. छापून झाले १८५१ सालीं. मधलीं चार वर्षें त्या लिपीचा सर्वांत मोठा तिहेरी लेख एकट्याच्या कपाटांत राहिला. १८५० च्या आरंभीं त्यानें लंडनांत व्याख्यानें देऊन असीरियाच्या राजांचा वृत्तान्त सांगितला. पण अर्थ सांगितला तितक्या तपशिलानें अक्षरें कशीं लागलीं हें सांगितलें नाहीं. त्याचा बचाव करणारे म्हणतील कीं, त्याच्यामागें सरकारी काम होतें, बगदादेची हवा होती, आणि अपक्व वाचन छापण्याची त्यास भीति वाटे. हीं कारणें खरीं मानलीं तरी मूळ लेखाची नकल छापण्यास वाचन पक्व होण्याची गरज नव्हती. नकल छापली असती तर हिंक्ससारख्या मनुष्यानें काय केलें असतें, याचें अनुमान त्यानें नकलेवांचून जें केलें त्यावरून करतां येतें.

तेव्हां आमचा निवाडा असा : बेहिस्तूनची सामग्री, फारसी लेखाचें समग्र भाषांतर व एका चिन्हाच्या अनेक उच्चारांचें तत्त्व, हें रॉलिन्सनचें. लिपीचें अवयवात्मक स्वरूप, तिच्या असेमिटिक उगमाचें अनुमान व येहूचें प्रथम प्रसिद्ध झालेलें वाचन, हें हिंक्सचें. फारसी व्यंजनांतील अनुस्यूत स्वरांचा शोध दोघांचा, परंतु तारखेनें हिंक्स आधीं. बाबिलोनी लिपीची किल्ली कोणाची, एवढाच प्रश्न असेल तर ती हिंक्सची म्हणावी लागते. दोघांसहि ग्रोटेफेंड, ब्यूर्नूफ व लासेन यांचें ऋण आहे.

हें सर्व या त्रैमासिकाच्या वाचकांपुढें मांडण्याचें प्रयोजन केवळ दूरदेशींच्या दोन पंडितांचा न्याय करणें एवढेंच नाहीं. आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं अशीं पोथ्यांचीं बाडें व दप्तरें आहेत कीं, तीं मालकावांचून दुसऱ्या कोणीं पाहिलेलीं नाहींत. सवड मिळाल्यावर सटीप, सोपपत्तिक प्रस्तावनेसह छापूं, या संकल्पांत वर्षें जातात, आणि कसर कांहीं थांबत नाहीं. राजवाड्यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' यांचा पहिला खंड काढला, तेव्हां अस्सल कागद सर्वांपुढें ठेवण्याचा जो पायंडा पडला, तोच येथें पाळला पाहिजे. कागदाची नकल आधीं प्रसिद्ध करावी. वाचनास व विवेचनास मागाहून अवकाश आहे. नकलेवर ती कोणीं, कोठें व कोणत्या तारखेस केली हें लिहावें. अडलेला शब्द दुसऱ्यानें लावून दिला असेल तर त्याचें नांव तेथेंच टिपेंत द्यावें. बगदादच्या कपाटांतील लेख चार वर्षांनीं तरी बाहेर आला. आमच्याकडील कित्येक बाडें मालकाच्या मागें रद्दीच्या भावानें गेलीं आहेत.